पाय जुळवू नका

हे लिहायला घेतलं याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात कागदावर उमटायचा तो अंगठा, वडिलांचा नाहीतर आईचा. पेनाने काही उमटवणारा मी पहिला, आणि तेही आजवर उत्तरपत्रिकेतच. त्या सहलीला आम्ही सात जण होतो, आणि बाकीचे सहाही माझ्याहून चांगलं लिहितात. त्यांतला एक तर कॉलेजच्या अंकात दर वर्षी असतो. त्याला मी म्हटलं, तू लिही. तो म्हणाला, "मी लिहिलं तर फार सुंदर होईल. तूच लिही." तो सदाशिव पेठेत राहतो. त्याचं बोलणं असंच असतं. कौतुक होतं की टोमणा, ते दुसऱ्या दिवशी कळतं.

आणखी एक. जिच्याविषयी हे आहे तिला विचारायला मी गेलेलो नाही. म्हणून तिचं नाव इथे नाही, आणि तिचं नाही तर दुसऱ्या कोणाचंही नाही.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. दुष्काळात नगरकडचं गाव सोडून ते आणि आई पुण्याला आले. मी गुलटेकडीच्या वस्तीत वाढलो. शाळेला सुट्टी असली की दुपारी वडिलांची भाकरी घेऊन यार्डात जायचो आणि त्यांचं जेवण होईपर्यंत कांद्याच्या थप्पीवर बसून बाकीच्यांचं काम बघायचो. पोतं तर एकेकटा माणूस पाठीवर नेतो. पण एखाद्या गाळ्यातली तिजोरी किंवा मोठा काटा हलवायचा असला की चौघं लागायचे. जाड बांबू, त्याला मधोमध दोरांनी टांगलेलं ओझं, दोघं पुढे आणि दोघं मागे, एका रांगेत.

त्यातल्या दोन गोष्टी मी इतक्या वेळा पाहिल्या होत्या की त्या आपल्याला येतात असं कधी वाटलंच नाही. एक पायांची. पुढच्याचा डावा पडला की मागच्याचा उजवा पडायचा, चौघांचे पाय कधी एकदम पडायचे नाहीत. वडील म्हणायचे, "पाय जुळलं की वझं झुलतं. आन् झुललेलं वझं माणसाला नेतं." दुसरी खांदा बदलण्याची. नवा माणूस बांबूखाली खांदा घालायचा आणि म्हणायचा, "घेतला." ते कानावर येईपर्यंत जुना माणूस खांदा काढायचा नाही. ओझ्याखाली असताना "सोडला" हा शब्द तोंडातून काढायची बंदी होती, चेष्टेतसुद्धा. एका नव्या गड्याने एकदा काढला, तर बाकीच्यांनी दिवसभर त्याला आपल्यात चहाला बसू दिलं नाही.

दुसऱ्या वर्षाला माझ्या बाकावर भवानी पेठेतला एक मुलगा बसायचा. त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे, त्याच्या आजोबांपासूनचं. नमाजानंतर दुकानावर जाऊन चार हात शिलाई मारून मग तो कॉलेजला यायचा, त्यामुळे त्याच्या बोटांना मेणाचा वास असायचा. त्यानेच मला त्या सहलीत ओढलं. आमच्या कॉलेजातल्या काही मुलांचा डोंगरात जाणारा गट होता. आषाढाच्या शेवटी, भर पावसात, शनिवार-रविवार वेल्ह्याच्या बाजूच्या एका पठारावर तंबू ठोकून राहायचं आणि चालायचं, असा बेत होता. तंबू म्हणजे त्याच्याच दुकानातली ताडपत्री.

आईला ते काही केल्या समजेना.

"पावसात चालायला जायचं? काम काय तिथं?"

"काम नाही, आई."

"काम न्हाई तर मग चालायचं कशापायी?"

 वडील कोपऱ्यात पायांना तेल लावत बसले होते. ते म्हणाले, "जाऊ दे त्याला. बिनवझ्याचं चालून बघू दे."

माझ्याकडे रेनकोट नव्हता. आईने युरियाचं प्लास्टिकचं पोतं धुतलं, आणि एक कोपरा दुसऱ्यात खोचून त्याची डोक्यावरून घ्यायची खोळ करून दिली. स्वारगेटला एस.टी.त चढेपर्यंत ती मी पिशवीत लपवली होती, पण गाडीचं छप्पर नेमकं माझ्याच डोक्यावर गळत होतं. पोत्यावरची अक्षरं बघून सदाशिव पेठेतला, तो अंकात लिहिणारा, म्हणाला, "युरिया! वा. परतीच्या गाडीत हा दोन इंच उंच झालेला असणार." सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या स्वतःच्या रेनकोटाला दोन्ही बगलांत भोकं होती, हे पुढे कळलं.

आमचा म्होरक्या तिसऱ्या वर्षाचा होता, एन.सी.सी.तला. उंच, सरळ, आवाज खणखणीत. तो "चला" म्हणाला की आपण उठलेलो असायचो आणि मग लक्षात यायचं की आपण उठलो. मला तो फार मोठा वाटायचा. अजूनही वाटतो.

डोंगराविषयी काय लिहू, मला नीट येत नाही. आमच्या वस्तीत पाणी म्हणजे नळाची रांग. आई-वडिलांच्या गावी पाणी म्हणजे दीड कोसावरची विहीर, आणि तिच्या तळाशी वाटी-वाटीने भरायचं. आम्ही चढायला लागलो तेव्हा पाणी वाटेवरून आमच्या अंगावर येत होतं. खडकाच्या फटीतून येत होतं, झाडाच्या खोडावरून उतरत होतं, गवताच्या मुळांतून बुडबुडे काढत होतं. ते कोणाच्याच मालकीचं नव्हतं, त्यासाठी कोणी भांडत नव्हतं. मी ओंजळ धरली, ती भरली, सांडली, पुन्हा भरली. असं मी किती वेळ केलं कोण जाणे. ताडपत्रीवाला मित्र परत मागे आला आणि म्हणाला, "चल यार, संपणार नाही ते." संपणार नाही, हेच मला खरं वाटत नव्हतं.

वर पठारावर गेलो तर जगाला कडाच नव्हती. ढग खाली होते, आमच्यात होते, वरही होते. हिरवा रंग इतक्या तऱ्हांचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही ताडपत्रीचा तंबू ठोकला, म्होरक्याने शिट्टी वाजवली, आणि अर्ध्या तासात वाऱ्याने तंबू खुंट्यांसकट उचलून करवंदीच्या जाळीवर नेऊन टाकला. "व्यवस्थित ठोकला होता," पेठेतला म्हणाला, "फक्त जमिनीत नव्हता." पठाराच्या टोकाला दहा-बारा घरांची एक वाडी होती. तिथल्या म्हाताऱ्याने आम्हाला लांबूनच हाक मारली आणि वाडीच्या देवळात जागा दिली. भिजलेल्या ताडपत्रीची घडी घालून आम्ही ती देवळाच्या ओट्यावर ठेवली.

संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी रटरटत होती. गप्पा घरांवर आल्या. कोणाचे वडील बँकेत, कोणाचे शाळेत, कोणाचं दुकान.

"आणि तुझे?" पेठेतल्याने मला विचारलं.

"मार्केट यार्डात असतात," मी म्हणालो.

"म्हणजे आडत! अरे, मग कांदे-बटाटे तरी आणायचेस. फुकटच येत असतील."

मी हसलो. नुसता हसलो. खोटं मी बोललो नव्हतो, पण खरंही सांगितलं नव्हतं. ताडपत्रीवाल्या मित्राला सगळं माहीत होतं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिचडी हलवत राहिला.

रविवारी सकाळी आम्ही कड्यापर्यंत चालत गेलो. ढग मध्येच फाटला आणि समोर एक धबधबा दिसला, पण त्याचं पाणी खाली पडत नव्हतं. दरीतून वारा असा वर येत होता की पाणी कड्यावरून उडी घ्यायचं आणि उलटं आकाशात जायचं, आणि मग आमच्याच डोक्यावर पडायचं.  पेठेतल्याने रेनकोटाची टोपी मागे सारून ते पाणी तोंडावर घेतलं. मला वाटलं, वडिलांना हे सांगितलं तर ते विश्वास ठेवतील का? आणि मग वाटलं, त्यांना इथे आणलं पाहिजे. मग काल संध्याकाळी ज्यांना मी झाकलं त्यांना आणायचं कोणत्या तोंडाने, हेही मनात आलं.

देवळात परतलो तर पायरीवर एक म्हातारी उभी होती. आदल्या दिवशी जागा देणाऱ्या म्हाताऱ्याची ती बायको. अंगावर घोंगडी, पाय अनवाणी.

"पोरांनो, तुमच्यात कुनी डाक्टरकीचं शिकतं का?"

"नाही, आजी," म्होरक्या म्हणाला. "आम्ही कॉमर्सचे."

"म्हंजी कायबी कामाचं न्हाई." ती आमच्याकडे एकेक करून बघत होती. "मग खांदं तरी हायती का?"

तिची सून अडली होती. पहिलंच बाळंतपण. आदल्या सकाळपासून कळा येत होत्या आणि सुटका होत नव्हती. म्हणजे आम्ही ओंजळीने पाण्याशी खेळत होतो, तंबूवर हसत होतो, खिचडी खात होतो, तेव्हा ती देवळापासून शंभर पावलांवरच्या घरात होती. वाडीतल्या सुईणीने सकाळी पोट चाचपून हात टेकले. "मूल आडवं हाय," म्हणाली, "माझ्या हातचं न्हाई." नवरा मुंबईला कामाला. वाडीतली गडीमाणसं डोंगराच्या दुसऱ्या बाजूच्या खाचरांत लावणीला गेलेली, तिकडच्या नदीला पाणी चढल्यामुळे दोन दिवस तिकडेच अडकलेली. घरी होता तो म्हातारा, आणि तापाने फणफणलेला एक शेजारी. खाली फाट्यावर दीडच्या सुमाराला दूध नेणारा टेम्पो येतो, तो पुण्याला जातो. तो चुकला तर दुसऱ्या दिवसाशिवाय काही नाही. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती राहणार नाही, असं म्हातारीने सरळ सांगितलं. रडली नाही.

दहा वाजून गेले होते.

म्हाताऱ्याने घराच्या आढ्याला लावून ठेवलेला लांब बांबू काढला. घोंगड्यांची झोळी बांधली. तिला आणून झोळीत ठेवलं तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. ती माझ्याहून लहान असावी. ओठ दाताखाली धरलेले होते आणि डोळे उघडे होते. ताडपत्रीवाल्याने खिशातून दाभण काढलं, आमच्या तंबूची ताडपत्री बांबूवरून दोन्ही बाजूंना सोडून अशी टाचली की आत थेंब जाऊ नये. त्याला हे करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

म्होरक्याने माणसं लावली. पुढे तो आणि पेठेतला, मागे मी आणि आणखी एक. बाकीचे बदलीला, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. म्हातारा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे, म्हातारी झोळीला हात लावून शेजारी.

"ऐका," म्होरक्या म्हणाला, "एकाच तालात चालायचं. कोणी पुढेमागे नाही. लेफ्ट! राइट! लेफ्ट!"

आम्ही सगळे तालात चाललो. कॉलेजच्या मैदानावर त्याने पोरांना असंच चालवलं होतं आणि ते किती छान दिसायचं. त्याच्या आवाजाने धीर येत होता. पण वीस-पंचवीस पावलांत झोळी झुलायला लागली. प्रत्येक पावलाला थोडी जास्त, डावीकडे, उजवीकडे. आतून आवाज आला. तो ओरडण्याचा नव्हता, ओरडायची ताकद गेलेल्या माणसाचा होता.

"आरं हळू! परेड करताय व्हय?" म्हातारी म्हणाली.

"ताल चुकतोय!" म्होरक्या ओरडला. "नीट जुळवा! लेफ्ट! राइट!"

आम्ही आणखी नीट जुळवलं, आणि झोळी आणखी झुलली. एका वळणावर ती खडकाला घासून गेली. बांबूचं मागचं टोक माझा खांदा खेचून दरीकडे नेत होतं.

मला माहीत होतं. पहिल्या दहा पावलांतच माहीत झालं होतं. वडिलांचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं, आणि तरी मी पाय जुळवत होतो. कारण बोललो असतो तर कोणीतरी विचारणार होतं, तुला कसं माहीत. शंभर पावलं तरी मी गप्प राहिलो. ती शंभर पावलं मी तिच्या जिवावर चाललो. हे लिहिण्याची लाज वाटते, पण हे वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

"पाय जुळवू नका!" मी शेवटी ओरडलो.

"काय?"

"थांबा. पाय जुळले की ओझं झुलतं. पुढच्याचा डावा तर मागच्याचा उजवा पडला पाहिजे. चौघांचे चार वेगळे."

म्होरक्या मान वळवून बघत होता. पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून गळत होतं. "कोणी सांगितलं तुला?"

"माझे वडील हमाल आहेत," मी म्हणालो. "यार्डात. तिजोऱ्या अशाच नेतात."

 मग पेठेतला, मान न वळवता, म्हणाला, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही काय बटाटे मागितले असते?"

म्होरक्याने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तो बांबूखालून म्हणाला, "तू सांग. आम्ही ऐकतो." आणि तो आवाज, ज्याच्यावर आम्ही सगळे उठायचो-बसायचो, तो त्यानंतर फाट्यापर्यंत हुकूम द्यायला उठला नाही.

मी सांगितलं. पाय कसे टाकायचे, खांद्यावर पंचा कसा ठेवायचा, नजर पायाकडे नाही तर पुढच्याच्या पाठीकडे ठेवायची. खांदा बदलताना "घेतला" म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय कोणी निघायचं नाही. "सोडला" म्हणायचं नाही. आधी पाय गोंधळले. पेठेतला दोनदा स्वतःच्याच पायात अडकला. मग एका क्षणी झोळी शांत झाली. खरंच शांत झाली. चार माणसं चार तऱ्हेने चालत होती, वाट चिखलाची, उतार असा की टाच रोवावी तर टाच निसटे, आणि मधे ती झोळी पाण्यावर ठेवल्यासारखी सरळ जात होती. म्हातारीने झोळीवरचा हात काढून घेतला. मी लहानपणापासून जे थप्पीवर बसून पाहिलं, त्याची मला कधी लाज वाटावी याचंच मला त्या क्षणी नवल वाटलं. सकाळचा धबधबा मोठा होता. पण हे माझ्या घरचं होतं.

ओढ्यावर आलो तेव्हा तो तांबडा झाला होता. आम्ही जिथे नेहमीची वाट उतरते तिथेच उतरायला निघालो, कारण तिथे पाणी संथ होतं. म्हाताऱ्याने काठी आडवी घातली.

"तिथं न्हाई. गप असतं ते पानी खोल. वरडतंय तिथनं चला."

वरच्या अंगाला, जिथे पाणी दगडांवर आपटून गर्जत होतं, तिथून त्याने आम्हाला नेलं. कमरेला लागलं, पण त्याहून वर नाही. बांबू आम्ही खांद्यावरून उचलून डोक्यावर घेतला. बाकीचे तिघं वरच्या बाजूने हातात हात धरून उभे राहिले, की पाण्याचा मारा आधी त्यांच्यावर यावा. म्हातारी त्यांच्या आणि झोळीच्या मधून, लुगडं खोचून, आमच्यापैकी कोणाचाही हात न धरता गेली. मध्यावर माझा पाय एका दगडावरून घसरला. मी हाक मारायच्या आत वरच्या रांगेतून ताडपत्रीवाल्याचे हात बांबूखाली आले आणि कानाजवळ आवाज आला, "घेतला." त्याच्या आवाजात असं काही होतं की मला रडू आलं. पावसात ते कोणाला कळलं नाही.

फाट्यावर पोचलो तेव्हा टेम्पो उभा होता. निघायच्या बेतात होता. ड्रायव्हरने झोळीकडे पाहिलं आणि काही न विचारता दुधाचे कॅन एका बाजूला सारले. आम्ही तिला घोंगड्यांसकट आत ठेवलं. ताडपत्री तशीच तिच्यावर राहिली. म्हातारी कॅनच्या मधे चढून बसली, तिने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आमच्याकडे बघून फक्त म्हणाली, "जावा आता. भिजू नका." आम्ही सकाळपासून भिजत होतो.

टेम्पो वळणाआड गेला. म्हाताऱ्याने आम्हा सातही जणांच्या डोक्यावरून हात फिरवला, रिकामा बांबू खांद्यावर टाकला आणि पुन्हा चढायला लागला. त्याला ओढा आणखी चढायच्या आत गाठायचा होता.

आम्ही वाटेच्या कडेला बसून राहिलो. माझ्या खांद्यावर अजून काहीतरी होतं. "घेतला" असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

घरी पोचलो तर वडिलांनी माझा शर्ट बाजूला करून खांदा पाहिला. तिथे बांबूचा लाल वळ उठला होता.

"बिनवझ्याचं चालायला गेला हुतास ना?"

मी सगळं सांगितलं. शंभर पावलंही सांगितली. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याविषयी काय बोललो, आणि काय नाही, तेही सांगितलं. ते ऐकता ऐकता ते खोबरेल घेऊन वळावर लावत राहिले. मग विचारलं, "पोचली का?"

"टेम्पोत नीट ठेवली."

"ते न्हाई. पोचली का?"

"माहीत नाही."

"मग तू अजून खाली ठेवलं न्हाईस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. कामाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि ताडपत्रीवाला सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी रजिस्टर उघडलं.

"नाव?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सात जणांनी तिला तीन तास वाहून आणलं होतं आणि एकानेही तिचं नाव विचारलं नव्हतं. म्हातारी तिला "पोरी" म्हणत होती, आम्ही "वहिनी".

"माहीत नाही," मी म्हणालो.

"नवऱ्याचं नाव? आडनाव?"

"माहीत नाही."

"आपण कोण तिचे?"

"कोणी नाही."

त्यांनी चष्मा काढला. "नाव माहीत नाही, गाव अर्धवट, नातं नाही. अहो, मग आपण मला शोधायला सांगताय की ओळखायला?" मग, कदाचित आमचे चेहरे पाहून, त्यांनी पान उलटून बोट फिरवलं. वाडीचं नाव कुठे दिसलं नाही. टेम्पोने तिला याच दवाखान्यात आणलं की वाटेत दुसऱ्या कुठे, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही आणखी दोन ठिकाणी गेलो. मग वाडीच्या पत्त्यावर, देवळात जागा देणाऱ्या आजोबांना म्हणून, मी एक कार्ड टाकलं. "तुमच्या सूनबाई कशा आहेत?" एवढंच त्यात लिहिता आलं. उत्तर आलं नाही. तिथे वाचणारं कोणी असेल का, हे मला टाकल्यावर सुचलं.

दिवाळीनंतर सगळ्यांनी पुन्हा वर जायचं ठरवलं होतं. ते परीक्षेमुळे राहिलं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. खरं म्हणजे मला त्या घराची भीती वाटत होती. दार उघडून म्हातारी एकटीच बाहेर आली तर, असं मनात यायचं. म्होरक्याला वाटेत भेटलो की तो डोळ्यांनीच विचारायचा, मी मान हलवायचो. पेठेतला मात्र त्या वर्षी दर महिन्याला एकदा आमच्या वस्तीत यायचा, वडिलांजवळ बसून चहा प्यायचा आणि त्यांना म्हणायचा, "काका, तुमच्या मुलाने मला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली, आणि तीसुद्धा तुमची."

वैशाखात वडिलांनी एक नवीन गोष्ट सुरू केली. यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ते गायब व्हायचे आणि पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन परत यायचे. पहिल्या आठवड्यात आईने कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात लोणचं घातलं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "आता काय अंगाला लावू का? सुट्टीच्या दिवशी तरी मानसानं पडावं की घरी." 

चौथ्या आठवड्यात ते उशिरा आले. दुपार टळली होती, मी दारातच अभ्यासाला बसलो होतो. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात नेहमीपेक्षा मोठा द्रोण. तो त्यांनी आईकडे दिला, माझ्या शेजारी उंबऱ्यावर टेकले, आणि थोडा वेळ दम खाल्ला. मग सांगितलं. डोंगरातल्या बायका या दिवसांत करवंदं घेऊन मंडईबाहेर बसतात. दर सुट्टीला ते त्या सगळ्या बायकांना एकेक करून विचारत होते, कुठल्या वाडीची, कुठल्या वाटेने आलीस. एका टोपलीशी नाही भागलं तर दुसऱ्या टोपलीशी. आणि विचारायचं तर काहीतरी घेतलंच पाहिजे, म्हणून करवंदं. आज त्या वाडीची बाई भेटली होती, त्या घराच्या शेजारची.

"मग?" मी विचारलं. 

"पोचली रं," ते म्हणाले. "इथंच पोट फाडून सोडवली. गौरीच्या आधी घरी गेली. पोरगी झाली. ती बाई सांगत हुती, तुमची ताडपत्री अजून त्यांच्या गोठ्यावर हाय, आन् पोरगी त्याच गोठ्याच्या मेढीला धरून उभी ऱ्हातीया."